पायाच्या नसेचं ऑपरेशन झालं, पण हार्टकडे कोण बघतंय? ट्रॉपोनिन कधी, कसं आणि किती वेळा

मध्यंतरी एका मामांची फाईल माझ्यासमोर आली. पायाची बायपास झालेली, मांडीपासून गुडघ्याच्या मागपर्यंत. ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या दिवशीचा ट्रॉपोनिन (हार्टच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रोटीन) ४१, त्याच्यापुढे लाल पेनाने काढलेलं एक प्रश्नचिन्ह, आणि त्याच्याखाली कोरं पान. ऑपरेशनच्या आधीचा आकडा नाही, नंतरचा नाही, ईसीजी एकच आणि तोसुद्धा दोन महिन्यांपूर्वी फिटनेससाठी काढलेला. आरएमओला (वॉर्डातल्या ड्युटी डॉक्टरला) विचारलं तर म्हणाला, "मॅडम, मी विचारलं त्यांना, छातीत दुखत नाही म्हणाले."

आता या ४१ चं करायचं काय? आधी ३९ असेल तर ते बहुतेक जुन्या किडनीचं देणं आहे. आधी १२ असेल तर हार्टला ऑपरेशनच्या वेळी चांगलाच मार बसलाय. आधीचा आकडाच नाही म्हटल्यावर तो रिपोर्ट म्हणजे पहिलं पान फाटलेली डायरी.

मी सोलापुरात भूल देते, सरकारी आणि खाजगी दोन्हीकडचं बघितलंय, आणि हीच चूक वेगवेगळ्या वेषात इतक्यांदा बघितली की शेवटी लिहायला बसले. हे मुख्यतः आरएमओ, आयसीयूच्या सिस्टर आणि नव्याने लागलेल्या भूलतज्ज्ञांसाठी आहे. नातेवाईकांनी वाचलं तरी चालेल, टप्पा ८ आणि ९ तर त्यांनी वाचावाच, फक्त गोळ्यांचं स्वतःच्या मनाने काही करू नका.

एक गोष्ट आधी डोक्यातून काढा: "दुखलं तर सांगेल"

नाही सांगणार. २०१७ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात, त्यात २१,८४२ पेशंट होते, ऑपरेशननंतर हार्टला इजा झालेल्यांपैकी ९३ टक्के लोकांना छातीत दुखणं, दम लागणं असं काहीच झालं नव्हतं. ट्रॉपोनिन केलं नसतं तर कळलंच नसतं. रक्तवाहिन्यांच्या ऑपरेशनचे पेशंट वेगळे काढले तर साधारण पाचातल्या एकाला अशी इजा होते.

आणि आपल्याकडचा पेशंट कोण असतो ते बघा. पन्नाशी-साठीचा, तीस वर्षं बिडी ओढलेला किंवा मशेरी लावणारी, शुगर वीस वर्षांपासून, चार पावलं चाललं की पोटरी भरून येते म्हणून चालणंच सोडलेलं. जो चालतच नाही त्याच्या हार्टवर ताण कधी येतो? मग छातीत दुखणार कधी? त्यात शुगरने छातीतल्या वेदनेची जाणीवही बोथट झालेली, वरून आपण ऑपरेशननंतर एपिड्युरल (पाठीतल्या नळीतून वेदना थांबवणारं औषध) आणि दुखण्याची इंजेक्शनं चालू ठेवलेली. अशा माणसाला "छातीत दुखतंय का" विचारून आपण फक्त स्वतःचं समाधान करून घेतो.

## टप्पा १: हे कोणाला लागतं ते ऑपरेशनची तारीख देतानाच ठरवा

पोटातल्या मोठ्या धमनीचा फुगा, पोटातून दोन्ही मांड्यांपर्यंतची बायपास, मांडीतली बायपास, मानेतल्या कॅरोटिड धमनीची सफाई, आणि पाय काढण्याचं ऑपरेशन. या सगळ्यांना लागतं.

पाय काढणं मुद्दाम लिहिलंय. गुडघ्याच्या वरून नाहीतर खालून पाय काढायची केस लिस्टमध्ये सगळ्यात शेवटी लागते, "सोपी केस आहे, स्पायनलमध्ये होऊन जाईल" असं म्हणून, आणि हार्टच्या दृष्टीने बघायला गेलं तर याच पेशंटची हालत सगळ्यात वाईट असते कारण पाय जाईपर्यंत बाकीच्या नसाही तशाच सडलेल्या असतात. सोपी आहे ती सर्जनच्या हाताला.

अचानक पाय गार पडून गुठळी काढायला आलेला पेशंट असेल तर अजून एक. गुठळी बऱ्याचदा हार्टमधूनच सुटून आलेली असते, ठोके अनियमित असतात. लोकल भुलीवर अर्ध्या तासात झालं म्हणून त्याला यादीतून वगळू नका.

व्हेरिकोज व्हेनचं लेझर, धडधाकट माणसाची छोटी शिरेची शस्त्रक्रिया, यांना हे सगळं करत बसू नका. उगाच केलेल्या टेस्टचा आकडा जरा वर आला की त्याचं निस्तरणं आपल्याच गळ्यात पडतं. एवी फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडणं) जरा मधला प्रकार आहे, ऑपरेशन छोटं पण पेशंट डायलिसिसचा, तिथे निदान आधीचा एक आकडा असला तर बरं.

## टप्पा २: ऑपरेशनच्या आधीची तयारी (सगळ्यात जास्त घोळ इथेच)

१. आधीचा ट्रॉपोनिन. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी, बाकीच्या रक्ताबरोबरच. वेगळी सुई टोचायची गरज नाही. हाय सेन्सिटिव्हिटी म्हणून लिहून द्या, नुसतं "ट्रॉप" लिहिलं की लॅबवाला हाताशी असलेली पट्टीची किट लावतो आणि "निगेटिव्ह" असा शिक्का येतो. ती पट्टी छातीत कळ घेऊन आलेल्या माणसासाठी ठीक असेल, आपल्या कामाची नाही. आपल्याला निगेटिव्ह-पॉझिटिव्ह नकोय, आकडा हवाय.

२. बारा लीडचा ईसीजी, तारीख आणि वेळ हाताने लिहून. मशीनवरची तारीख बघून घ्या, कितीतरी मशीनमध्ये ती चार वर्षं मागे असते. चेस्ट लीड जिथे लावले तिथे मार्करने बारीक ठिपके देऊन ठेवा, म्हणजे ऑपरेशननंतरचा ईसीजी त्याच जागेवरून निघेल. व्ही-थ्री एक बरगडी वर सरकला तरी चित्र बदलतं आणि मग रात्री दोन वाजता फिजिशियनला उठवलं जातं.

३. बीएनपी किंवा एनटी-प्रो-बीएनपी, म्हणजे हार्टवर ताण असला की वाढणारे रक्तातले आकडे. जमत असेल तर जरूर करा. कॅनडाच्या हृदयरोग संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत एनटी-प्रो-बीएनपी ३०० किंवा बीएनपी ९२ ही रेषा दिलीय. त्याच्या वर गेला तर ट्रॉपोनिन रोज, ४८ ते ७२ तास. पैशाची अडचण असेल आणि दोघांतलं एकच करायचं असेल तर मी ट्रॉपोनिन निवडते, कारण तुलना त्याचीच करायची आहे.

४. क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन. किडनी अधू असेल तर ट्रॉपोनिन आधीपासूनच वर असतो. हिमोग्लोबिन ८ वर घेऊन ओटीत जाणं म्हणजे पेट्रोलचा काटा लाल असताना बार्शीला निघणं.

५. पेशंट काय काय गोळ्या खातो ते पिशवी उलटी करून बघा. खरंच उलटी करून. इंडी-अक्कलकोटकडून येणाऱ्या पेशंटकडे तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या आणि एक कापडी पिशवी असते, चिठ्ठीत एक आणि पिशवीत दुसरंच. केसांच्या किंवा नसांच्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांत कधी कधी बायोटिन मोठ्या डोसमध्ये असतं, त्याने काही मशीनवर ट्रॉपोनिन खोटाच कमी येतो.

> थांबा, तपासा: फाईलच्या पहिल्या पानावर आधीचा ट्रॉपोनिन आकड्यात, त्याचं एकक, लॅबचं नाव आणि टी की आय (ट्रॉपोनिनचे दोन प्रकार) हे लिहिलंय का? नसेल तर पेशंट ओटीच्या दारात असला तरी दोन मिलि रक्त काढून ठेवा. भूल दिल्यावर आठवलं तरी चीर देण्याआधी काढा.

कुणीतरी विचारतंच, "मॅडम, मग ॲन्जिओग्राफी करून हार्टच्या नसा आधी उघडून घेतल्या तर?" अमेरिकेत हा प्रयोग होऊन गेलाय, २००४ मध्ये निकाल आला, रक्तवाहिन्यांच्या ऑपरेशनआधी हार्टचा त्रास आटोक्यात असणाऱ्यांची बायपास-ॲन्जिओप्लास्टी करून पुढच्या आयुष्यात फरक पडला नाही, उलट पायाचं ऑपरेशन लांबलं. ज्याला विश्रांतीतही छातीत दुखतंय त्याची गोष्ट वेगळी, त्याला कार्डिओलॉजिस्टकडे पाठवाच.

## टप्पा ३: कुठली गोळी चालू, कुठली बंद

बीटा ब्लॉकर (मेटोप्रोलॉलसारखी नाडी मंद करणारी गोळी) आधीपासून चालू असेल तर चालूच ठेवा, ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा घोटभर पाण्याबरोबर. पण आधी नव्हती आणि नाडी जरा जोरात दिसली म्हणून त्याच दिवशी सुरू केली, असं करू नका. २००८ च्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशनच्या दिवशी मेटोप्रोलॉल सुरू केलेल्यांत हार्ट अटॅक कमी झाले पण मृत्यू आणि पॅरालिसिस वाढले. ही गोष्ट माहीत असूनही "नाडी ११०, मेट दे" हे अजून ऐकू येतं.

स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) चालू. चालू नसेल तर सुरू करायला ऑपरेशन हे चांगलं निमित्त आहे, या सगळ्यांना तसंही ते हवंच असतं.

रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन या जातीच्या बीपीच्या गोळ्या २४ तास आधी थांबवा, नाहीतर भूल दिल्यावर बीपी बसतं ते वर येता येत नाही. नंतर सुरू करायचं मात्र विसरू नका, डिस्चार्ज कार्डावरून त्या गायब झालेल्या मी बघितल्यात. शुगरच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या तीन दिवस आधी बंद.

ॲस्पिरिनचं एका वाक्यात उत्तर नाही. पायाच्या किंवा मानेच्या नसेसाठी सर्जनलाच ते चालू हवं असतं, स्टेंट असेल तर हवंच, त्यामुळे सर्जनला विचारून फाईलवर लिहून घ्या आणि तोंडी निरोपावर विसंबू नका.

## टप्पा ४: ओटी आणि रिकव्हरी

इथे मी लांबण लावणार नाही, आमचंच काम आहे. मीन (सरासरी) बीपी ६५ च्या खाली रेंगाळू देऊ नये, आणि ज्याचं रोजचं वरचं बीपीच १७० असतं त्याला ६५ सुद्धा कमी पडू शकतं. नाडी वाढली तर आधी कारण शोधायचं. मॉनिटरवर लीड टू आणि व्ही-फाईव्ह दोन्ही ठेवा, नुसत्या लीड टूवर खाली सरकणारा एसटी (ईसीजीतला ठोक्यानंतरचा भाग, हार्टला रक्त कमी पडलं की हलतो) बऱ्याचदा दिसत नाही.

नसेला क्लॅम्प (रक्त थांबवायचा चिमटा) लावताना-काढतानाचं बीपी वेळेसकट लिहा. दोन दिवसांनी ट्रॉपोनिन वर आला की हाच कागद उत्तर देतो.

रिकव्हरीत आल्या आल्या बारा लीडचा ईसीजी. एक बारीक गोष्ट सांगते, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ ला असतो, वॉर्डात पेशंट घामाने निथळत असतो आणि स्टिकर छातीवर टिकतच नाहीत, लोंबकळणाऱ्या स्टिकरचा थरथरता ईसीजी बघून लोक "एसटी खाली आहे" म्हणतात. छाती कोरडी पुसा, स्पिरिट उडू द्या, गरज असेल तर केस काढा, नवा स्टिकर लावा, आणि मगच बघा. थंडी वाजून कुडकुडणाऱ्या पेशंटचाही ईसीजी तसाच येतो, त्याला आधी पांघरूण घाला.

## टप्पा ५: सॅम्पल घड्याळावर काढा, राउंडवर नाही

ऑपरेशन संपल्याची वेळ ही शून्य. तिथून २४ तासांनी एक, ४८ तासांनी दुसरा. मोठी केस, बीएनपी वर, किंवा पहिल्या दोनात चढ दिसला तर ७२ तासांनी तिसरा. जवळजवळ सगळी इजा पहिल्या दोन दिवसांतच आकड्यात दिसायला लागते, म्हणून हे दोन सॅम्पल चुकवायचे नाहीत.

चुकतात कुठे?

शुक्रवारी. ऑपरेशन शुक्रवारी दुपारी तीनला संपलं तर ४८ तास म्हणजे रविवार दुपार तीन. रविवारी लॅब अर्ध्यावर, राउंडला येणारे वेगळे, नवी सिस्टर ड्युटीवर, आणि सॅम्पल जातो सोमवारी सकाळी. मी आता शुक्रवारच्या केसला ऑपरेशन संपताच तीन व्हायलवर नाव-तारीख-वेळ लिहून त्या व्हायलच पेशंटच्या ट्रेमध्ये ठेवायला सांगते. रिकामी व्हायल डोळ्यासमोर दिसली की आठवतं, ऑर्डर शीटवरच्या ओळीने आठवत नाही.

सॅम्पल काढतानाचे नेम:

– सलाईन चालू असलेल्या हातातून काढायचं नाही. दुसरा हात. तोही गुंतला असेल तर ड्रिप थांबवून, सुईच्या खालच्या बाजूने.

– बारीक सुईने, जोर लावून ओढलं की रक्त फुटतं. लालसर झालेला सीरम आला तर ट्रॉपोनिन टी खोटा कमी येऊ शकतो. लॅबने "हिमोलाईज्ड" लिहिलं असेल तर तो आकडा धरू नका, परत पाठवा.

– व्हायल दरवेळी त्याच जातीची. आज साधी आणि उद्या हेपॅरिनची असं नको.

– लॅब तीच, मशीन तेच. हे सगळ्यात महत्त्वाचं.

> सावध: ट्रॉपोनिन टी आणि ट्रॉपोनिन आय हे दोन वेगळे पदार्थ आहेत, एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडता येत नाही. आयमध्येसुद्धा प्रत्येक कंपनीच्या मशीनची रेषा वेगळी. आधीचा टी सात रस्त्याच्या एका लॅबमध्ये आणि नंतरचा आय हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, हे केलंत तर दोन्ही पैसे पाण्यात.

आणि कृपा करून सीपीके-एमबी (हार्ट अटॅकसाठीची जुनी रक्ततपासणी) पाठवू नका. पायाचा रक्तपुरवठा परत सुरू झाला की पायाच्या स्नायूंतूनच सीपीके हजारांत बाहेर पडतो आणि त्याच्याबरोबर एमबीही वर जातो. पायाच्या बायपासनंतर एमबी वाढलं म्हणून पेशंटला हार्ट अटॅकचा शिक्का बसल्याचं मी बघितलंय, ट्रॉपोनिन तिन्ही वेळा जिथल्या तिथे होता.

## टप्पा ६: रिपोर्ट वाचायचा कसा

आधी एकक बघा. एका लॅबचा रिपोर्ट ०.०४ येतो, दुसऱ्याचा ४०, आणि दोन्ही एकच असतात. पहिला नॅनोग्रॅम प्रति मिलि, दुसरा नॅनोग्रॅम प्रति लिटर. हजारने गुणलं की जुळतं. पिकोग्रॅम प्रति मिलि लिहिलं असेल तर ते आणि नॅनोग्रॅम प्रति लिटर सारखंच. रात्री फोनवर "पॉईंट झिरो फोर आहे सर" ऐकून "नॉर्मल आहे, झोपू दे" म्हणणाऱ्यांची कमी नाही.

मग दोन आकडे शेजारी ठेवा. हाय सेन्सिटिव्हिटी ट्रॉपोनिन टी असेल तर हिशोब असा:

– २० ते ६४ च्या मध्ये, आणि आधीपेक्षा निदान ५ ने वाढलेला: हार्टला इजा झाली असं धरा.

– ६५ किंवा वर: आधीचा आकडा नसला तरी इजा धरा. तरीपण डायलिसिसचा पेशंट असेल तर पुन्हा एक पाठवून चढतोय की तिथेच आहे हे बघा.

– २० च्या खाली: तूर्त ठीक, पुढचं सॅम्पल ठरल्या वेळेला.

ट्रॉपोनिन आय असेल तर हे आकडे वापरू नका. रिपोर्टवर छापलेली त्या मशीनची वरची रेषा बघा, बायकांची आणि पुरुषांची बऱ्याचदा वेगळी असते, आणि ती ओलांडून आधीपेक्षा स्पष्ट वाढ आहे का ते बघा. आधीपासूनच रेषेच्या वर असणाऱ्याला २० टक्क्यांहून जास्त वाढ झाली की ती नवी धरायची.

आकडा किती मोठा यालाही अर्थ आहे. त्याच २०१७ च्या अभ्यासात सर्वांत वरचा आकडा २० ते ६४ असणाऱ्यांत महिनाभरातले मृत्यू ३ टक्के, ६५ ते ९९९ मध्ये ९.१ टक्के, आणि हजाराच्या वर २९.६ टक्के होते. म्हणून "थोडासाच वाढलाय" हे वाक्य मी खोडून टाकते.

हार्टची इजा आणि हार्ट अटॅक यात फरक आहे. ट्रॉपोनिन वाढला, चढ-उतार दिसला ही इजा. त्याच्या जोडीला छातीतली लक्षणं, ईसीजीत नवा बदल, किंवा टू-डी इकोत एखादा भाग नव्याने हलत नसलेला, यातलं काही सापडलं तर अटॅक. पण उपाय शोधायला अटॅकचीच वाट बघायची असं नाही.

> थांबा, तपासा: ट्रॉपोनिन हार्टच्या नसेशिवाय दुसऱ्या कारणानेही वाढतो. ताप आणि पू आहे का? फुप्फुसात गुठळी? ठोके अनियमित आणि वेगात? पायाची जखम काळी पडून सेप्सिस? ही कारणं नीट चाळा, त्यांचा इलाज वेगळा आहे.

## टप्पा ७: आकडा वाढला. आता?

आधी पेशंटकडे जा. फोनवर ऑर्डर देऊ नका. त्या लाल प्रश्नचिन्हावाल्या फाईलमध्ये पेशंटला हात लावून बघितल्याची एकही नोंद नव्हती.

पहिल्या अर्ध्या तासात, या क्रमाने:

१. नाडी, बीपी, ऑक्सिजन, लघवी, ड्रेनमध्ये किती रक्त, मांडीला सूज आहे का. पेशंटची चादर उचलून बघा, रक्त बऱ्याचदा खाली गादीत असतं.

२. ईसीजी काढा आणि जुन्याच्या शेजारी धरून बघा. एकटा ईसीजी बघू नका. एसटी वर उचललेला दिसला, किंवा पेशंटला दम लागतोय, बीपी पडतंय, तर पुढचं वाचत बसू नका, कार्डिओलॉजिस्टला त्याच क्षणी फोन.

३. हिमोग्लोबिन. अशा पेशंटमध्ये मी ८ च्या खाली जाऊ देत नाही, ईसीजी बदलत असेल तर त्याच्याही आधी रक्त मागवते.

४. नाडी जोरात असेल तर कारण: दुखतंय, रक्त जातंय, पाणी कमी पडलंय, ताप आहे, की लघवीची पिशवी तुंबलीय? कारण न बघता बीटा ब्लॉकर दिला आणि पेशंट रक्तस्रावात असेल तर शरीराचा शेवटचा आधारही आपणच काढून घेतला.

५. ऑक्सिजन ९० च्या खाली असेल तर लावा. ९८ असताना नुसता दाखवायला मास्क नको.

६. सहा तासांनी परत ट्रॉपोनिन आणि ईसीजी, आणि दुसऱ्या दिवशी टू-डी इको.

बहुतेक पेशंटमध्ये नस पूर्ण बंद झालेली नसते. आधीच अरुंद नस, त्यात बीपी कमी, नाडी जास्त, रक्त कमी, म्हणजे हार्टला मागणी जास्त आणि पुरवठा थोडा. उन्हाळ्यात टँकर कमी आणि घागरी जास्त झाल्यावर नळावर जे होतं तेच. त्यामुळे सगळ्यांना उचलून कॅथलॅबला (ॲन्जिओग्राफीच्या खोलीत) न्यायचं नसतं, आधी मागणी-पुरवठा सावरायचा.

औषधांत ॲस्पिरिन आणि स्टॅटिन, सर्जनला रक्तस्रावाबद्दल विचारून. रक्त पातळ करणाऱ्या डाबिगॅट्रानचा ११० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला, १,७५४ पेशंटवर, त्यात पुढच्या काळातले अटॅक, पॅरालिसिस, गुठळ्या असे मोठे त्रास १५ वरून ११ टक्क्यांवर आले. पण हा निर्णय फिजिशियन आणि सर्जन दोघांनी बसून घ्यायचा. ताजी बायपास आहे, किडनी अधू असू शकते, आणि पायाच्या नसेसाठी रिव्हारोक्साबॅन २.५ आधीच चालू असेल तर त्याच्यावर अजून एक पातळ करणारी गोळी चढवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

## टप्पा ८: नातेवाईकांना काय सांगायचं

दोन टोकं असतात. एक, "सगळं ठीक आहे", आणि चार दिवसांनी पेशंट गेला की कॉरिडॉरमध्ये गर्दी. दुसरं, "यांना अटॅक आलाय", ऐकल्यावर घरचे लगेच ॲम्ब्युलन्स करून पुण्याला न्यायला निघतात, अडीचशे किलोमीटर, ताज्या टाक्यांसकट.

मी असं सांगते: "आजोबांच्या हार्टला ऑपरेशनच्या ताणात ठेच लागलीय. कळ आली नाही म्हणून त्यांना समजलं नाही, आम्हाला रक्तातून समजलं. आत्ता ते बोलतायत, जेवतायत, पण पुढचा महिनाभर जपायचंय." ठेच हा शब्द सगळ्यांना कळतो.

एक आजी, पूर्व भागातल्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या, मला म्हणाल्या, "छातीत काय बी होईना झालंय, पायच दुखायलाय, उगं कशाला रक्त काढायलाव?" त्यांच्या सुनेला मराठी कमी, तेलुगू जास्त. आमच्या एका तेलुगू बोलणाऱ्या सिस्टरने दोन मिनिटांत समजावलं, मला वीस मिनिटं लागली असती. वॉर्डात तेलुगू, कन्नड येणारं कोण आहे हे माहीत ठेवा, आणि हे बोलणं त्यांच्याशिवाय उरकू नका.

खर्चाचंही आधीच सांगा, ऑपरेशनच्या संमतीच्या वेळीच: "आधी एकदा आणि नंतर दोन-तीनदा हार्टची रक्ततपासणी होईल." दुसऱ्या दिवशी अचानक बिलात दिसलं की वाद होतो, आणि वादाला कंटाळून पुढच्या पेशंटचं ट्रॉपोनिन कुणीतरी गाळतं.

## टप्पा ९: डिस्चार्ज

इथे पुन्हा तीच चूक. ४८ तासांचं सॅम्पल दिलं, रिपोर्ट संध्याकाळी येणार, पण जखम छान आहे, बेड हवाय, गाडी खाली उभी आहे. पेशंट घरी आणि रिपोर्ट लॅबच्या खिडकीत. रिपोर्ट हातात आल्याशिवाय कार्डावर सही करू नका. जावंच लागलं तर रिपोर्ट कोण आणणार आणि कोणाला फोन करणार, ही दोन नावं कार्डावर लिहा.

इजा झालेल्या पेशंटच्या कार्डावर मला एवढं दिसलं पाहिजे: आधीचा आणि नंतरचे सगळे ट्रॉपोनिन आकडे एककासह, दोन्ही ईसीजीच्या झेरॉक्स, इको, कुठली गोळी थांबवली होती आणि ती परत कधी सुरू करायची, फिजिशियनकडे दाखवायची तारीख. "फॉलोअप एसओएस" (गरज पडली तर या) लिहू नका. मंगळवेढ्याहून येणाऱ्या माणसाला एसओएस म्हणजे "येऊ नका" असंच वाटतं.

जखम भरली की पेशंट गोळ्या बंद करतो. त्याच्या लेखी गोळ्या पायाच्या होत्या आणि पाय बरा झाला. म्हणून मी कार्डावर गोळ्यांचे दोन गट करून घेते, वर "पायासाठी" आणि खाली "हार्टसाठी, बंद करायच्या नाहीत", मराठीत, मोठ्या अक्षरात. बिडी-तंबाखूचं त्याच कार्डावर, मुलाच्या किंवा सुनेच्या समोर वाचून दाखवते.

त्या ४१ वाल्या मामांचं सांगायचं राहिलं. आधीचा आकडा नव्हताच, म्हणून त्याच संध्याकाळी परत पाठवला: ६८. ईसीजीत थोडा फरक, हिमोग्लोबिन ७.६, आणि चादर उचलली तर मांडीखाली गादी ओली. रक्त चढवलं, सर्जनने रात्रीच जखम उघडून एक टिचभर शीर बांधली. सकाळी मी गेले तेव्हा मामा शेंगाचटणी-भाकरीसाठी सिस्टरशी भांडत होते, आणि छातीत काही झालं का विचारलं तर म्हणाले, "कुठं काय?"